देवाला दिलेलं कापड

विदीफर्डच्या चर्चचं घड्याळ शनिवारी दुपारी बारा वाजवायचं, आणि बारा संपले की आतून आणखी नऊ ठोके ऐकू यायचे. ते घंटेचे नव्हते. दोरीवर घातलेल्या गोधडीला काठीने झोडपावं तसा त्यांचा आवाज, बसका आणि धुरळलेला. गावात त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नसे. विहिरीवरच्या बायका बोलता बोलता थांबायच्या आणि नववा ठोका झाला की सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू व्हायच्या.

अँब्रोज रेंडल त्या वेळी जिथे असेल तिथे भिंतीला टेकायचा. उजवा हात कोपराखाली डाव्या हाताने दाबून धरायचा, डोळे मिटायचा. ओठ हलायचे. बघणाऱ्याला वाटे, प्रार्थना करतोय. तो मोजत असे.

त्याला ओळखत नाही असं गावात एकही दार नव्हतं. निवडणूक आली की टोपी काखेत, वही हातात, आणि मतं विचारत दारोदार फिरणारा हा माणूस. वय अठ्ठावन्न. पार्डो वकिलांचा, म्हणजे निळ्या पक्षाचा. पण पिवळ्यांच्या घरीही त्याला सायडरचा, सफरचंदाच्या दारूचा, पेला मिळे, कारण तो हुज्जत घालत नसे. "रेंडल मत मागत नाही, माफी मागतो," असं पिवळे त्याला चिडवत. तो हसायचा, आणि मग दोन-तीन घरं काही बोलायचा नाही. पेला मात्र नेहमी डाव्या हाताने धरायचा.

मूळचा तो विणकर. विदीफर्डात पिढ्यान्‌पिढ्या तागाचं जाडंभरडं कापड विणलं जाई, आणि सॉमरसेटच्या बंदरांतून ते जहाजांच्या शिडांसाठी जाई. त्या कापडाला कॅनव्हास म्हणत. पण गावात हा शब्द नुसत्या कापडाचा कधीच राहिला नाही.

अँब्रोजच्या आजोबांच्या वेळी कुणाला कॅनव्हास करायचं म्हणजे त्याला कापडात घालून उडवायचं. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरोघर धिरडी व्हायची, आणि पोटं भरली की बारा विणकर घराणी एक मोठं कापड घेऊन बाजारचौकात गोल उभी राहायची. प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. काठाला त्या जागी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका. रेंडलांची जागा सातवी, टाका तांबडा. मधोमध कुणाला तरी झोपवायचं आणि एका दमात वर फेकायचं. नव्या नवरदेवाला तीनदा. वर्षभरात ज्याने शब्द मोडला असेल त्याला लोकांचं हसून समाधान होईपर्यंत. असा माणूस खाली उतरला की चार दिवस कुशीवर वळू शकत नसे. म्हणून मग नुसतं कुणाला बडवून काढलं तरी लोक म्हणू लागले, चांगला कॅनव्हास केला त्याला.

वडिलांच्या काळी तो शब्द चर्चच्या पंचमंडळींनी उचलला. कुणाच्या कुंपणाचा, कुणाच्या पाण्याचा वाद आला की ती म्हणायची, हे प्रकरण जरा कॅनव्हास करू. म्हणजे वर फेकू, खाली घेऊ, पुन्हा फेकू. भूस उडून जाईल, दाणा राहील. माणसांच्या ऐवजी गोष्टी उडू लागल्या. अँब्रोजचे वडील म्हणायचे, ही पद्धत बरी, गोष्टीचं हाड मोडत नाही. तरी मंगळवारचा खेळ चालूच होता. त्यांच्या पश्चात सातव्या जागेवर अँब्रोज उभा राहिला.

ही हकिगत घडली त्याच्या बावीस वर्षं आधी त्या कापडावर जोनास होता; मीच हे त्याचं आडनाव.

जोनासही विणकर. उंच, हाडकुळा, जिभेला लगाम नाही. त्याचा गुन्हाही त्याच्यासारखाच. मतदानाआधी तो निळ्यांनाही हो म्हणाला, पिवळ्यांनाही हो म्हणाला, आणि मतदानाच्या दिवशी नदीवर वाम मासे धरायला गेला. राग कुणालाच फारसा नव्हता. दोन्ही बाजूंना मनातून वाटत होतं, आपल्यालाही हे सुचायला हवं होतं. त्याची बायको ज्युडिथ चौकाच्या कडेला उभी राहून ओरडत होती की जरा उंच फेका, घरी ऐकत नाही माझं.

पाच-सहा वेळा तो वर गेला. हवेत हातपाय पसरून तो खाली बघायचा आणि ज्याच्यावर नजर पडेल त्याची थट्टा करायचा. सातव्या वेळी नजर अँब्रोजवर पडली.

"अँब्रोज, हे तुझ्याच मागावरचं दिसतंय रे. यातून मला माझं घर दिसतंय."

चौक हसला. अँब्रोजची वीण सैल असते हे गावाला माहीत होतं, पण चौकात कुणी म्हटलं नव्हतं. त्याची बायको थॉमसिनही एप्रनचं टोक तोंडाला लावून हसत होती. अँब्रोज स्वतःही हसला. हसत हसतच त्याने सगळ्यांबरोबर पुढचा हिसका दिला, आणि जोनास त्या दिवशी तोवर गेला नव्हता एवढा वर गेला. तो खाली येत असताना तांबड्या टाक्याचा काठ अँब्रोजच्या उजव्या हातात नव्हता.

हात सुटला की त्याने सोडला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. कापड त्या अंगाला कलंडलं. जोनास डोक्यावर पडला. खाली चौकाचे दगड होते.

चौकशीला अंमलदार यायच्या आत ते बारा जण सायडरच्या कोठारात जमले. सगळ्यांची पोरंबाळं होती. कुणाची जागा, कुणाचा हात, हे कधी बोलायचं नाही, असं ठरलं. बायबलवर हात ठेवून नाही, पण ठरलं. विचारल्यावर बाराही जणांनी एकच सांगितलं, कापड निसटलं. तेव्हाचा कायदाच असा होता की ज्या वस्तूने माणूस मरतो ती वस्तू दोषी. गाडीचं चाक असो, विहिरीचा दोर असो, मारका बैल असो. दोषी वस्तू मालकाची राहत नाही, ती देवाची होते. पंचांनी निकाल दिला की जोनास मीचला कापडाने मारलं. आणि त्या कापडाला चर्चमध्ये नेऊन बुरुजाच्या कमानीत, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाशेजारी, पडद्यासारखं लटकवलं. देवाला दिलेली वस्तू कुणी वापरत नाही, कुणी फाडत नाही, कुणी उतरवत नाही.

माणसं निकाल देतात आणि घरी जातात. पण देवाच्या दारात खोटं नेऊन टांगलं, तर ते तिथे गप्प कसं राहील?

वरून लोंबणाऱ्या कापडाला खळगा पडत नाही. याला पडला. पहिल्या वर्षातच मधोमध ते आत बुरुजाकडे फुगलं आणि तसंच राहिलं. वारा नसताना, दारं बंद असताना. माणसाच्या लांबीचा खळगा, झोळीत निजलेल्याच्या पाठीने पडावा तसा. घंटा वाजवणारे त्याच्या शेजारून अंग चोरून जात. कमानीत मागून कुणी हात फिरवून बघितला, मागे काही नव्हतं.

चाळीस दिवसांचा दुखवटा संपल्यावर ज्युडिथ मीच ताग झोडायची काठी घेऊन चर्चमध्ये गेली. शनिवारची दुपार होती. तिने त्या कापडाला नऊ फटके मारले, संसार नऊ वर्षांचा झाला होता म्हणून. पाद्रीबुवा तिला थांबवणार होते. घंटावाला म्हातारा म्हणाला, मारू दे बिचारीला, धूळ तरी निघेल. पुढच्या शनिवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही.

त्या पहिल्या शनिवारी अँब्रोज मागावर बसला होता. बाराच्या ठोक्यांनंतर त्याचा हात विस्तवात गेल्यासारखा पोळला, नऊदा. बाही वर केली तर कोपराखाली नऊ वळ उठलेले, तांबडे, एकाखाली एक. थॉमसिन म्हणाली, तागाच्या कुसळाने उठतं असं, आणि तिने हंसाची चरबी चोळली. या हकिगतीच्या सहा वर्षं आधी ती वारली, तोवर दर शनिवारी चोळत राहिली. त्याने तिला खरं सांगितलं नाही.

आणि त्या हाताची पकड गेली. मागावर धोटा हातात यायचा आणि बोटं आपोआप, सावकाश, करंगळीपासून एकेक उघडायची. जखम नाही, सूज नाही. धोटा न धरणारा विणकर म्हणजे चालता न येणारा टपालवाला. वर्षभराने त्याने माग विकला.

जोनासनंतर चौकातला खेळ बंद पडला. शब्द मात्र कामाविना बसेना. पार्डो वकील कागद घेऊन आले. गावात ज्याच्या स्वतःच्या चुलीवर स्वतःचं भांडं उकळतं त्या प्रत्येक पुरुषाला मत, तेव्हा दारोदार जाऊन कोण आपला, कोण त्यांचा, कोण डळमळीत, हे आधीच चाळून ठेवायला हवं होतं. बारा माणसं लागणार होती. गावाला बारा घराण्यांची सवय होती, म्हणून बारा जागांचे बारा भाग झाले. माणसांना उडवायचं थांबलं आणि त्यांची मनं हलवून बघणं सुरू झालं. लोक त्यालाही कॅनव्हासिंगच म्हणू लागले. सातवा भाग रेंडलांकडे आला. धरायचं काम गेलेल्या माणसाला विचारायचं काम मिळालं, लोकांना त्यात देवाची दया दिसली. अँब्रोजने पहिल्या दिवशीच वही उघडून बघितलं: सातव्या भागात कातडी कमावणाऱ्यांची गल्ली होती, आणि त्या गल्लीत मीचचं घर.

बाईला मत नाही, म्हणून त्या दारावर जायचं कारण नव्हतं. तीन निवडणुका तो त्या दारासमोरून पलीकडच्या बाजूने गेला. ज्युडिथ खिडकीत असली तर मान हलवायची. तो टोपीला हात लावायचा, डाव्या हाताने.

चौथी निवडणूक आली त्या वसंतात त्याची मुलगी ग्रेस बाळंत झाली. मुलगी झाली, तिचं नाव आजीचं, थॉमसिन, ठेवायचं ठरलं. बाप्तिस्मा निवडणुकीच्या आदल्या रविवारी. आमच्या विदीफर्डात आईच्या बापाने बाळाला चर्चच्या दारापासून कुंडापर्यंत न्यायचं असतं. बाप मेला असेल तर गोष्ट वेगळी. जिवंत असून त्याने नेलं नाही, तर ते पोर बिनउचललेलं, असं म्हणतात. त्याला जन्मभर कशाचा आधार मिळत नाही.

अँब्रोजने सोमवारीच सांगून टाकलं, जावयाच्या बापाला नेऊ दे. ग्रेस पाळण्याशेजारी बसली होती.

"बाबा, लोक म्हणतील पोरीत काहीतरी खोट आहे, आजोबा हात लावत नाहीत."

"हातातून पेला पडतो माझ्या, तुला माहीत आहे."

"पेला पडतो तो तुमचं लक्ष नसतं म्हणून. पेला आणि नात यातला फरक कळतो हाताला."

बाळ चार दिवसांचं असताना एकदा त्याने ते डाव्या हातावर घेतलं होतं आणि उजवा तळवा मानेखाली ठेवला होता. मानेची ऊब लागताच करंगळी उघडली होती. मग तिच्या शेजारचं बोट. ग्रेसला वाटलं, बाबा बाळ परत देतायत, म्हणून तिने पटकन घेतलं. त्या रात्रीपासून त्याला अन्न गोड लागेना. हा हात रविवारी त्या कमानीजवळून, त्या कापडाच्या शेजारून, नातीला घेऊन जाणार होता. खाली दगडी फरशी होती.

गुरुवारी पार्डो साहेबांनी नवी नावं दिली. कातडी गल्लीतल्या मीचबाईंनी एक भाडेकरू ठेवलाय, ते म्हणाले, होझिया नावाचा, ताग विंचरणारा. मागच्या खोलीत वेगळी चूल मांडलीय, भांडं त्याचं स्वतःचं, म्हणजे मत झालं. आणि पिवळे काल जाऊन आले म्हणे.

"दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, साहेब?"

"सातवा भाग तुमचा आहे, रेंडल. तिथे मी दुसरा माणूस पाठवला तर गाव विचारेल, का पाठवला?"

हे गावाने विचारू नये, एवढ्यासाठीच तर बावीस वर्षं गेली होती. शुक्रवारी दुपारी त्याने स्वच्छ सदरा घातला, वही घेतली आणि मीचच्या दारावर तीनदा वाजवलं.

दार उघडायला वेळ लागला नाही. ज्युडिथ म्हातारी झाली होती, पण ताठ होती. पांढरी टोपी, हातांना तागाचा वास. तिने त्याच्याकडे बघितलं, मग वहीकडे.

"आलास," ती म्हणाली. "तीन वेळा समोरून गेलास, मला वाटलं माझ्या दाराला कसली रोगराई आहे."

भाडेकरूचं विचारायला आलोय, असं तो म्हणाला. होझिया तळ्यावर ताग भिजवायला गेला होता. भांडं बघायचं असेल तर आत ये, ती म्हणाली, उकळतंय. रीतच होती तशी. मत विचारणाऱ्याने उंबरठ्याबाहेरून नाव लिहायचं नाही. आत जाऊन, झाकण उचलून, वाफ बघून लिहायचं.

स्वयंपाकघर तेच होतं. जोनासची खुर्ची चुलीजवळ होती, तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण वेताच्या विणीला चकाकी नव्हती. भिंतीला ताग झोडायची काठी टेकवलेली. तिचं टोक गुळगुळीत झालं होतं. मागच्या खोलीत भाडेकरूचं भांडं खदखदत होतं. अँब्रोजच्या डाव्या हातात वही होती. त्याने विचार न करता उजव्या हाताने झाकण उचललं.

बोटं उघडली. झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते उचलायला तो वाकला, बाही कोपरापर्यंत सरकली, आणि ती खाली ओढायच्या आधीच ज्युडिथने त्याचं मनगट धरलं.

बावीस वर्षांचे वळ होते. जुने पांढरे, नवे काळसर, पण सगळे एकावर एक बसलेले, त्यामुळे रेघा नऊच. ज्युडिथने बोटाने त्या मोजल्या. सगळ्यांत खालची रेघ वाकडी होती.

"मागल्या आठवड्यात माझा शेवटचा फटका तिरपा बसला," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हलका होता. "खांदा भरून आला होता."

भांडं खदखदत होतं. झाकण फिरायचं थांबलं.

"तुझी जागा कुठली होती, अँब्रोज?"

"सातवी. तांबडा टाका."

"तो पडला त्या अंगाची."

"हो."

ती खाली भाडेकरूच्या बाकावर बसली. त्याचं मनगट तिने सोडलं नव्हतं, त्यामुळे तो वाकूनच उभा राहिला. तिने विचारलं, सुटला होता की सोडलास? तो म्हणाला, बावीस वर्षं मीही तेच विचारतोय. देवाने विचारलं तर काय सांगशील, ती म्हणाली.

"हसत होतो, एवढं सांगेन. आणि हसताना चांगलं वाटत नव्हतं."

तिने मान हलवली, जणू भाव विचारला आणि तो अपेक्षेएवढाच निघाला. तो वाट बघत होता की आता ती ओरडेल, शेजाऱ्यांना हाक मारेल, काठी उचलेल. यातलं काहीही झालं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. ती मात्र भिंतीजवळच्या काठीकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"मग मी मारत कोणाला होते?"

"तुझा नेम चुकला नव्हता, ज्युडिथ."

"तुला लागत होतं, ते लागू दे," ती म्हणाली. "पण काठी तर त्यावर बसत होती ना. देवाच्या वस्तूवर. ज्याने काही केलं नव्हतं त्यावर. मी त्याला शिव्या दिल्यात, अँब्रोज. देवाच्या घरात उभी राहून." आणि मग, जरा थांबून: "तो खळगा. मला वाटायचं, लाजेने कापड मागे सरतंय."

त्याने रविवारचं सांगितलं, कारण आता काही लपवायचं उरलं नव्हतं: नात, कुंड, हात. माफी मागितली नाही. ती कशी मागायची हे त्याला सुचेना. ज्युडिथने ऐकून घेतलं. दाराशी पोचवताना ती म्हणाली, "होझियाचं निळ्यांना लिही. पिवळे आले होते ते पाय न पुसता आत शिरले."

त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाराचे ठोके पडले, बायका विहिरीवर थांबल्या, आणि काही ऐकू आलं नाही. पंधरा मिनिटं गेली तरी विहिरीवरची एकही बादली हलली नाही. अँब्रोज स्वतःच्या घरात दाराला पाठ लावून हात दाबून उभा होता. वेदना आली नाही. तिच्या जागी त्याला दुसरंच काही जाणवलं, हाताला ओढ लागल्यासारखं, जणू तळव्यातून कुणी काठ हळूहळू खेचत होतं आणि तो संपत नव्हता. संध्याकाळी घंटावाल्याकडून कळलं: मीचबाई आली होती, काठी आणली नव्हती, दीड तास कापडासमोर गुडघ्यांवर होती. आणि उठताना, तो कुजबुजला, तिने कापडाला तोंड लावून काहीतरी विचारलं. उत्तराला थांबावं तशी थांबली. मग हो हो म्हणत निघून गेली.

रविवारी सकाळी ऊन होतं. चर्चच्या दारात ग्रेसने बाळ पुढे केलं. अँब्रोजने तोंडाने नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण मुलीच्या चेहऱ्याकडे बघून हातच पुढे गेले. डावा खाली, उजवा मानेला. तो चालू लागला. पावलं मोजली. दारापासून कमानीपर्यंत एकोणीस, कमानीपासून कुंडापर्यंत सहा.

अकराव्या पावलाला करंगळी उघडली. तेराव्याला तिच्या शेजारचं बोट. तो थांबू शकत नव्हता, पाद्रीबुवा कुंडाशी उभे होते आणि सगळं गाव बघत होतं. कमानीपाशी कापड होतं, खळगा नेहमीसारखाच, आणि त्याला वाटलं, आत निजलेलं जे काही होतं ते कुशीवर वळून त्याच्याकडे बघतंय. मधलं बोट उघडलं. बाळाची मान मागे कलली.

त्याच क्षणी कुणीतरी त्याच्या उजव्या अंगाला आलं. तागाचा वास आला. ज्युडिथने आपला तळवा त्याच्या तळव्याखाली घातला आणि बोटांनी त्याची बोटं, एकेक करून, करंगळीपासून, परत मिटवली. तिची पकड विणकराच्या बायकोची होती. त्याला दुखलं.

"चल," ती म्हणाली. "यावेळी मी धरलंय."

सहा पावलं ते दोघं मिळून चालले. गावाने बघितलं. काही जणांना कळलं, कारण त्या बारा जणांपैकी त्याच्याखेरीज अजून तिघे जिवंत होते आणि तिघांनीही मान खाली घातली. बाळाच्या कपाळावर पाणी पडलं, ते रडलं, आणि त्याचं नाव थॉमसिन झालं. लोक कुंडाकडे बघत होते म्हणून कापडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त घंटावाला शपथेवर सांगायचा, की पाणी पडलं तेव्हा तो खळगा भरून आला, माणूस बिछान्यावरून उठला की गादी भरते तसा, आणि कापड सरळ लोंबू लागलं.

निळे निवडून आले. अँब्रोजचा हात बरा झाला असं नाही. त्याच संध्याकाळी पेला पडला, पुढच्या आठवड्यात वही.

पण त्यानंतर शनिवारी दुपारी चर्चमधून ठोके ऐकू येईनासे झाले. त्या वेळी आत गेलं तर दोघं दिसायची. पाद्रीबुवांच्या परवानगीने कापड उतरवून मांड्यांवर घेतलेलं. काठीने जिथे जिथे वीण तुटली होती तिथे ज्युडिथ जाड दोऱ्याने शिवत असायची, आणि अँब्रोज समोर बसून तांबड्या टाक्यापाशी काठ धरून असायचा, उजव्या हाताने. ती ताण म्हणाली की ताणायचा. काम किती वर्षं पुरेल असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, बावीस तरी.

दोघांनी धरलं की ते कापड जड लागायचं. जुनं, विरलेलं, धूळ झडलेलं कापड, एका हाताने उचलावं एवढंसं. तरी मधोमध, कुणी निजल्यासारखं, ते खाली ओढलं जायचं आणि दोघांच्याही मनगटांना रग लागायची. ज्युडिथ सुई थांबवून एकदा त्याच्या हाताकडे बघायची. ते वजन काठावर असेपर्यंत त्याचं एकही बोट उघडत नसे.